टिल्लीची फळी

४ जून

प्रिय टिल्ली,

तुझं पत्र परवा आलं. मिस्त्रींनी पाकीट हातात देताना विचारलं, "मावसबहिणीचं का? अक्षर मुंग्या चालल्यासारखं आहे." मी म्हटलं, "शाळेत सिस्टरनी चार ओळींच्या वहीत गिरवून घेतलेल्या मुंग्या आहेत त्या, रांग सोडत नाहीत."

मी फोन घेत नाही म्हणून तुझी सूनबाई हसते, असं लिहिलं आहेस. तिला सांग, ताईचे कान तीस वर्षांच्या मशीनच्या आवाजाने खाल्ले. फोनवर मला नुसती गुणगुण ऐकू येते आणि मी सगळ्याला "हो, हो" म्हणत राहते. त्या नादात एकदा मी धाकट्या दिरांना काय कबूल केलं होतं देव जाणे, ते आठवडाभर खुशीत होते. पत्राचं बरं असतं. दोनदा वाचता येतं.

आता तुझ्या करवतीचं. दुकानात तू पाहिलीस ती पटरीवरची करवत. लांबलचक ॲल्युमिनियमची पटरी, तिच्यावर करवत आगगाडीसारखी सरकते, आणि वरून दाबलं की पातं हवं तिथे अलगद लाकडात उतरतं. यंत्र देखणं आहे, उगाच नावं कशाला ठेवू? पण किंमत ऐकून तुला दुकानदाराकडे खुर्ची मागावी लागली, तेही बरोबरच झालं. निवृत्त झाल्यावर हौस म्हणून लाकडाला हात लावणाऱ्या बाईला ती कशाला हवी? तुझ्या भावोजींनी जन्मभर सुतारकाम केलं, कधी घेतली नाही. त्यांना जाऊन सहा वर्षं होतील. मी आणि मिस्त्री अजून त्यांच्या जुन्या साध्या गोल करवतीवरच कारखाना रेटतो आहोत.

त्यांची युक्ती सांगते. पातळ प्लायवूडची लांब पट्टी घे, वीतभर रुंद. तिच्यावर एका बाजूला दुसरी अरुंद, अगदी सरळ कडेची पट्टी चिकटव आणि स्क्रू मार. ही झाली भिंत. आता करवतीचा तळ भिंतीला टेकवून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालव. खालच्या पट्टीचा जास्तीचा भाग कापून पडेल. जी कड उरेल तिथूनच तुझी करवत कापणार, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. मग ती कड पेन्सिलीच्या रेघेवर ठेवायची, दोन्ही टोकांना शिकंजे आवळायचे आणि निघायचं. फळीखाली लाकूड दाबलेलं राहतं, त्यामुळे त्या बाजूला कुसळं निघत नाहीत. पलीकडची, टाकाऊ तुकड्याची बाजू थोडी फाटते. तिला इलाज नाही.

आणि एक. ज्या करवतीने कड कापलीस तिच्याशीच त्या फळीचं लग्न लागलं. दुसरीबरोबर तिचा संसार व्हायचा नाही.

झालं की कळव. बोटं जप.

तुझी,
ताई

---

३० जून

प्रिय ताई,

फळी झाली! आधी हे लिहिते, बाकीचं मागून.

गच्चीवर मांडामांड केली तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, लोक निवृत्त झाल्यावर भरतकाम करतात." सूनबाई म्हणाली, "करू द्या हो, फक्त माझं टेबल खोलीत घेऊन कडी लावते." नातू पायरीवर बसून टाळ्या वाजवत होता. त्याला सुतारकामातलं काही कळत नाही, पण आवाज झाला की तो खूश.

पहिल्यांदा शिकंजा भलत्या जागी लावला आणि करवतीची मोटर त्याला जाऊन धडकली. मग उलट बाजूने लावला. आणि मग ताई, ती जी सरकली! चार फुटांचा तक्ता, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ. कडेवरून बोट फिरवलं तर काचेसारखी. मी भावोजींना मनातल्या मनात नमस्कार केला. दोन खणांचं पुस्तकांचं कपाट सुरू केलं आहे. त्या दुकानापुढून आता मी मान ताठ करून जाते.

तुझं पत्र मी चौकट करून टांगणार होते, पण त्यात दिरांचा विनोद आहे, म्हणून राहू दिलं.

मिस्त्रींना सांग, मुंग्या मजेत आहेत.

तुझी,
टिल्ली

---

१९ जुलै

प्रिय टिल्ली,

तुझं पत्र मिस्त्रींना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी रंधा खाली ठेवून ऐकलं. "काचेसारखी" म्हटलं तेव्हा म्हणाले, "आमच्या कधी काचेसारख्या आल्या नाहीत, बाई. तुमच्या बहिणीचा हात लागला म्हणायचा." खूप दिवसांनी आम्ही दोघं हसलो. मिस्त्री हसले की त्यांना खोकला येतो आणि मग मला पाणी आणावं लागतं, पण त्याचंही काही वाटलं नाही.

हसण्यासारखं फारसं नव्हतं, म्हणून सांगते. कारखान्याची जागा अर्धी दिरांची आहे, तुला ठाऊक आहे. माणूस वाईट नाही. गेल्या रविवारी आले, स्टुलावर बसले, भुसा झटकत म्हणाले, "वहिनी, दादाची आठवण म्हणून मी सहा वर्षं गप्प बसलो. वर्षाअखेरीपर्यंत एक मोठं काम करून दाखवा, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर किल्ली माझ्याकडे द्या, मी जागा भाड्याने देतो." मी हो म्हटलं. यावेळी नीट ऐकून म्हटलं.

काम आहे. गावातलं वाचनालय कपाटांना नवी दारं बसवणार आहे. चोवीस दारं, सागाच्या व्हिनियरची, म्हणजे वरून पातळ सागाचा थर असलेली, प्रत्येकाच्या मध्यभागी काचेची खिडकी. तुझे भावोजी अशी दारं चार पट्ट्या जोडून करायचे, उभ्या दोन, आडव्या दोन, मध्ये आपोआप खिडकी. ते मला येतं, मिस्त्रींनाही येतं. पण वाचनालयाच्या अध्यक्षबाईंनी कुठेतरी एकाच तक्त्यातून कापलेली दारं पाहिली आहेत. लाकडाच्या रेषा काचेच्या वरून निघून खालपर्यंत अखंड जातात, ते त्यांच्या मनात भरलं आहे. कोपऱ्यावर जो नवा कारखाना निघालाय, त्याच्याकडे पटरीवरची करवत आहे. तो म्हणे सहज करेन.

मी त्यांना सांगून आले की माझी रीत चार पट्ट्यांची. विचार करून कळवतो म्हणाल्या.

तुझं कपाट कुठवर आलं?

तुझी,
ताई

---

८ ऑगस्ट

प्रिय ताई,

कपाट झालं, पुस्तकंही बसली. पण ते जाऊ दे. तुझं पत्र वाचून मला उड्या माराव्याशा वाटल्या. गुडघ्याने मारू दिल्या नाहीत.

अगं, मी तशीच दारं केली! शेजारणीच्या भांड्यांच्या कपाटाला, दोन. तिने माझं पुस्तकांचं कपाट पाहिलं आणि मागेच लागली. एकाच तक्त्यातून, मध्ये काचेची खिडकी कापून. तुझ्या फळीवरच. चारही बाजूंना फळी लावून चार रेघा मारल्या आणि मधला तुकडा उचलून बाजूला ठेवला. कोपरे तेवढे हाताच्या करवतीने पुरे केले. शेजारीण येणाऱ्याजाणाऱ्याला दारं दाखवते आणि मी आतल्या खोलीत उभी राहून ऐकते.

तू कशाला घाबरतेस? मला जमलं ते तुला जमणार नाही? मला, जिला शाळेत साधी काजं करता यायची नाहीत? तुझ्याकडे मिस्त्री आहेत, भावोजींची हत्यारं आहेत. त्या कोपऱ्यावरच्याला एवढं महागडं यंत्र लागतं, आणि माझी ताई ते एका फळीवर करून दाखवेल. अध्यक्षबाईंना जाऊन हो म्हण. उद्याच जा.

मला वाचनालयाची दारं बघायला यायचं आहे.

तुझी,
टिल्ली

---

२४ ऑगस्ट

प्रिय टिल्ली,

हो म्हणून आले.

तुझं पत्र घेऊनच गेले होते. अध्यक्षबाई, त्यांचे दोन सभासद आणि हिशेब बघणारे गृहस्थ असे चौघे बसले होते. मी म्हटलं, "एकाच तक्त्यातून देते. माझी बहीण घरच्या गच्चीवर करते, मग मी कारखान्यात का करणार नाही?" त्यांना ते आवडलं. काम मिळालं.

मिस्त्री मात्र दोन दिवस तोंड पाडून होते. शेवटी बोलले.

"बाई, साहेबांनी पस्तीस वर्षांत तक्त्याच्या मध्यात करवत उतरवली नाही."

"त्यांना कोणी मागितली नव्हती."

"मागितली होती. ते नाही म्हणाले होते."

"मग टिल्लीने कशी उतरवली?"

"तेच तर मला कळत नाही."

"माझी बहीण खोटं लिहिणार नाही, मिस्त्री."

असं म्हटल्यावर ते उठले आणि शिकंज्यांना तेल घालत बसले.

तक्ते आले. बारा आहेत, एकातून दोन दारं. सगळे एकाच ओंडक्याचे, म्हणून चोवीस दारं एका घरातल्या भावंडांसारखी दिसतील. व्यापाऱ्याने बजावलं आहे की त्या ओंडक्याचं आता काही उरलेलं नाही. तेव्हा चुकायला जागा नाही.

आता माझी शंका. कडेपासून कापत जाणं वेगळं. मध्यभागी सुरुवात करायची म्हणजे आपली करवत पुढच्या टोकावर तिरकी उभी करायची, पात्यावरचं झाकण हाताने मागे ओढायचं आणि फिरतं पातं हळूहळू खाली आणायचं. मी रद्दी प्लायवर करून पाहिलं. दोनदा जमलं, तिसऱ्यांदा करवत अंगावर आली. तू कशी उतरवतेस? कशाचा आधार देतेस? मला पायरी पायरीने लिही, लहान मुलीला सांगतात तसं. आणि खिडकीतून निघालेला तो मधला तुकडा ठेवला असशील तर पाठव. कड बघितली की मला अर्धं कळेल.

तुझे भावोजी असते तर तुला विचारायची वेळ आली नसती. पण ते असते तर तू मला एवढी पत्रंही लिहिली नसतीस.

तुझी,
ताई

---

५ सप्टेंबर

प्रिय ताई,

काम मिळाल्याचं वाचून घरात सगळ्यांना सांगितलं. मुलगा म्हणाला, "मावशी भारीच आहे."

उतरवायचं म्हणशील तर त्यात विशेष काही नाही गं. घाई करायची नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरायची आणि हळूच खाली घ्यायची. मला वाटतं सगळा सवयीचा भाग आहे. तुझा हात माझ्यापेक्षा पक्का आहे, आपोआप जमेल. रद्दीवर अजून थोडा सराव कर म्हणजे झालं.

तुकडा सापडला, सोबत पाठवते आहे. शेजारणीच्या दुसऱ्या दारातला आहे.

नातवाचा पुढचा दात पडला. तो दात त्याने माझ्या स्क्रूंच्या डबीत ठेवला आहे, आणि मला डबी उघडायची परवानगी नाही. सूनबाईची बदली होणार होती ती टळली. माझ्या गुडघ्याला डॉक्टरने पट्टा दिला आहे. हवा बरी आहे. तुमच्याकडे कशी आहे?

फार दमू नकोस. मन लागलं नाही तर चार पट्ट्यांची रीत आहेच की. त्याही दारांना कोणी नावं ठेवणार नाही.

तुझी,
टिल्ली

---

२० सप्टेंबर

टिल्ली,

तुकडा मिळाला. तो यायच्या आदल्या दिवशी आम्ही पहिला तक्ता कापायला घेतला होता, त्यामुळे तुझं पत्र एक दिवस उशिरा आलं म्हणायचं.

पहिली खिडकी झाली. दुसऱ्या दाराला करवत उतरवताना पातं अडकलं आणि ती मागे उसळली. तक्त्यावर पहिल्या दारापर्यंत हातभर लांब ओरखडा पडला. मिस्त्रींनी मागचा शिकंजा धरला होता. पातं लागलं नाही, करवतीचं अंग मनगटावर बसलं. हाड मोडलं आहे. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितलेत, त्यांच्या वयाला जास्तच लागतील. मी एकटीने दुसऱ्या तक्त्यावर पुन्हा प्रयत्न केला. तोही गेला.

दुसऱ्या दिवशी तुकडा आला. मिस्त्री गळ्यात हात बांधून बसले होते. त्यांनी तो डाव्या हाताने उजेडात धरला आणि बराच वेळ फिरवून बघितला. मग माझ्याकडे दिला.

"बाई, हा फळीवरचा नव्हे."

मी म्हटलं, "कशावरून?"

"टाकाऊ तुकडा आहे ना हा? फळीवर कापला असता तर याच्या कडा फाटल्या असत्या. चारही कडा साफ आहेत."

मी म्हटलं, "तिने फळी आतल्या बाजूने लावली असेल."

"मग दार फाटलं असतं. शेजारीण ते लोकांना दाखवत बसली असती का?"

त्यांनी कोपऱ्यांवर बोट ठेवलं. पातं जिथे थांबतं तिथे लाकडात अर्ध्या चंद्रासारखी खूण उरते. आठ खुणा, आठही कोपऱ्यापासून सारख्याच अंतरावर. "माणसाचा हात एवढा सारखा थांबत नाही," म्हणाले. "हे पटरीवरच्या अडसराने थांबवलेलं आहे. ती करवत पलीकडची कडही दाबून धरते."

मी तरीही त्यांच्याशी भांडले. तू माझी बहीण आहेस म्हणून भांडले. ते मोडका हात घेऊन ऐकत राहिले.

मला एकाच गोष्टीचं उत्तर दे. तुझ्याकडे पटरीवरची करवत आहे का?

ताई

---

२८ सप्टेंबर

प्रिय ताई,

आहे.

जूनच्या सव्वीस तारखेला घेतली. तुला फळी झाली म्हणून लिहिलं त्याच्या चार दिवस आधी.

फळी मी केली होती, हे खरं आहे. शेजाऱ्यांची करवत मागून आणली आणि तिने कड कापली. मग मुलाने मला नवी कोरी साधी करवत आणून दिली, आणि मी शेजाऱ्यांची परत करून आपली चालवली. तू लग्नाचं लिहिलं होतंस. मी ते विनोद म्हणून वाचलं आणि हसून पुढे गेले. नव्या करवतीने फळीचीच कड खाल्ली. तक्ता बोटभर आखूड झाला. तो सूनबाईच्या टेबलाचा होता. तिने कडी लावायची थट्टा केली होती ना, ती पुन्हा केली नाही. दुसरी फळी करायचं धैर्य मला झालं नाही. मी दुकानात गेले आणि माझ्या निवृत्तीच्या पैशांतून ती पटरीवरची करवत घेऊन आले.

तुला सांगणार होते. कागद समोर घेतला होता. पण ताई, भावोजी गेल्यापासून तुझी पत्रं कशी असायची ठाऊक आहे? "मी बरी आहे, तू बरी अस, हवा कोरडी आहे." सहा वर्षं. आणि त्या जूनच्या पत्रात तू पुन्हा माझी ताई होतीस. मुंग्या, दीर, फळीचं लग्न. तुझ्या शिकवण्याला मी "जमलं नाही, पैसे देऊन मोकळी झाले" असं उत्तर कसं लिहू? म्हणून जमलं असं लिहिलं. मग तू ते मिस्त्रींना वाचून दाखवलंस आणि दोघं हसलात म्हणून लिहिलंस. आता मागे कसं फिरायचं? शाळेत माझी शिवण सिस्टरना दाखवायच्या आधी तू गुपचूप उसवून पुन्हा घालून द्यायचीस. मला एकदा तरी तुला चांगली शिवण दाखवायची होती.

दारं मी केली, पण पटरीवर. कपाटाच्या बाबतीतही तेच. वाचनालयाला हो म्हण असं लिहिलं तेव्हा मला खरंच वाटलं की तुला जमेल, तुला सगळंच जमतं. तू पायरी पायरीने लिही म्हणालीस तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी दाताचं लिहिलं.

मिस्त्रींच्या हाताचं वाचल्यापासून करवतीला हात लावलेला नाही. मी येऊ का? करवत घेऊन येते. दहा तक्ते शिल्लक आहेत ना? आपण दोघी मिळून करू.

मला ओरड, पण लिही.

तुझीच,
टिल्ली

---

२५ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुला तीन पत्रं पाठवली, उत्तर नाही. न विचारता येण्याचं धाडस होत नाही, म्हणून करवत, पटरी आणि सगळं सामान मालवाहतुकीने कारखान्याच्या पत्त्यावर पाठवून दिलं आहे. ती आता तुझीच. मला परत नको. गच्ची धुऊन काढली.

दोन ओळी लिही. एक लिहिलीस तरी चालेल.

तुझी,
टिल्ली

---

२ डिसेंबर

प्रिय टिल्ली,

तुझी चारही पत्रं मिळाली. उत्तर देण्यासारखं काही घडेपर्यंत थांबले होते.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला, तुझं पत्र आल्यावर, मी वाचनालयात गेले. त्याच खोलीत, त्याच चौघांसमोर. म्हटलं, एकाच तक्त्यातून मला जमत नाही, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. हिशेबाच्या गृहस्थांनी विचारलं, "पण तुमच्या बहिणीला जमतं म्हणालात ना?" मी म्हटलं, "तिची करवत वेगळी आहे." एवढंच. तुला कमीपणा येऊ नये असं मला का वाटलं, कळत नाही. अध्यक्षबाई फार सौजन्याने बोलल्या. चार पट्ट्यांची करून देते म्हटलं, पण तोवर त्यांचा विश्वास उडाला होता. त्यांनी उरलेले तक्ते कोपऱ्यावरच्या कारखान्याला दिले.

किल्ली मी ऑक्टोबरच्या पंधरा तारखेला दिरांना दिली. वर्षाअखेरीपर्यंत थांबायचं काही कारण नव्हतं. ते म्हणाले, "वहिनी, दादाची हत्यारं हवी तेवढी घेऊन जा." मी एक गुण्या घेतला. घरात काटकोन मोजायला काही नाही, तरी घेतला. मिस्त्रींचं मनगट जुळलं, पण जरा वाकडं. रंधा धरता येत नाही. ते लेकीकडे राहायला गेले. निघताना भेटायला आले होते. मी माफी मागितली तर म्हणाले, "बहिणीवर विश्वास ठेवला, त्यात माफी कसली?" ते वाक्य मला रोज ऐकू येतं, आणि माझे कान तर असे.

तुझी करवत किल्ली दिल्यानंतर तीन आठवड्यांनी पोचली. दिरांनीच सही करून घेतली. त्यांनी जागा कोपऱ्यावरच्याला भाड्याने दिली आहे, त्याला दुसरी करवत हवीच होती. तो ती वापरतो. उत्तम चालते म्हणतात. मी परत मागितली नाही. तुला हवी असेल तर त्यांना लिही.

तू विचारतेस, रागावले का. मी तुझी पत्रं काढून पुन्हा वाचली. पूर्वी वाचायची तशी नाही वाचली. गुडघा खरा असेल का, शेजारीण खरी असेल का, असं करत वाचली. तू मला हसवण्यासाठी लिहीत होतीस, हे मला पटतं. हसलेही होते. पण तुला जमत नव्हतं हे मला कळलं असतं, तर मी तुला दुसरी फळी शिकवली असती, तिसरी शिकवली असती. पुढच्या गाडीत बसून आले असते. आणि अध्यक्षबाईंना मी माझ्या रीतीचीच दारं दिली असती, किंवा काम सोडलं असतं. मिस्त्रींनी सांगितलं ते मी ऐकलं असतं. त्यांचं न ऐकणं माझंच, तो दोष तुला देत नाही. बाकीचं मात्र तुझं आहे, टिल्ली. मी ते तुझ्यासाठी उसवून देऊ शकत नाही.

येऊ नकोस. निदान आत्ता नको. तू समोर बसून बोलशील आणि मी तुझ्या तोंडाकडे बघून हे खरं का ते खरं, असं शोधत बसेन. तसं मला तुझ्याकडे बघायचं नाही.

काल वाचनालयात जाऊन दारं पाहून आले. बसवून झाली आहेत. सुंदर आहेत. रेषा काचेवरून खालपर्यंत अखंड उतरतात, अध्यक्षबाईंचं चुकलं नव्हतं. तक्ते कमी पडले म्हणून शेवटची चार दारं वेगळ्या लाकडाची आहेत, ती कोपऱ्यात बसवली आहेत. सहसा कोणाच्या लक्षात यायची नाहीत. मी एकेका दाराच्या कडेवरून बोट फिरवत गेले. पुस्तकं देणारी मुलगी नवी आहे, मला ओळखत नाही. ती थोडा वेळ बघत राहिली आणि मग जवळ येऊन मोठ्याने म्हणाली, "तुम्ही सुतारकाम करता का, काकू? फार बारकाईने बघताय."

मी म्हटलं, "नाही."

आधी वाटलं, आता मीही खोटं बोलायला लागले. जिना उतरताना लक्षात आलं, ते खरंच होतं.

ताई